राजाच्या गालावरचा चट्टा

मी राजा ब्लॅडूड बोलतोय. हसू नका! जव्हारच्या एका आश्रमशाळेत मुलं मला 'बळदोबा' म्हणतात, तेही मी ऐकून घेतो. पण आज माझं डोकं फिरलंय, तेव्हा गप्प बसून ऐका.

तसा मी कागदाच्या लगद्याचा मुखवटा. फार जुन्या काळी विलायतेत या नावाचा राजा होता म्हणे. महारोग झाला म्हणून तरुणपणीच त्याला घरातून हाकललं. तो डुकरं राखू लागला, त्यांच्याबरोबर कढत चिखलात लोळला आणि बरा होऊन गादीवर बसला. गॅदरिंगला हेच नाटक ठरलं आणि मुखवट्याचं काम बोहाड्याच्या उत्सवात नाचवायचे देवांचे मुखवटे करणाऱ्या लाडक्याकडे आलं.

लगदा मळायला त्याची बहीण गौरा बसायची. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. तिच्या मनगटावर फिकट चट्टा होता. लाडक्याने त्यावर करवंदीचा काटा टोचला, तर तिला कळलंच नाही.

"दवाखान्यात चल, गौरे. गोळ्या फुकट देतात."

"नको दादा. लोकां मला पाड्यातून काढतील."

लाडक्याने मग तांदळाच्या पिठाने तसाच चट्टा माझ्या गालावर काढला. चिखलाच्या प्रवेशात तो ओल्या फडक्याने पुसायचा होता. "पुढं बस," तो तिला म्हणाला. "राजा बरा होतो तो बघ."

पण नाटकाच्या सकाळी मोठे सर आले. "पाहुण्यांसमोर डागाळलेला राजा?" म्हणाले, आणि माझ्या तोंडभर सोनेरी ऑइलपेंट फासला. अहो, डागच झाकला तर मला का हाकललं, हे कोणाला कळणार? अक्कल गहाण टाकली होती का?

प्रवेश आला. मला हाकललं. समोर बसलेल्या पाड्यातल्या बायकांमधून हिराबाई ओरडली, "काय केला यानी?"

"चोरी केली आसंल!" कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. गौराने पदर मनगटावर ओढला आणि उठून गेली.

आता मी सरांच्या खुर्चीमागे टांगलेला आहे. काल गौराने चहाचा स्टीलचा पेला आणला. सरांनी हातात घेतला आणि चटका बसून टेबलावर आपटला. गौराच्या बोटांवर फोड आले होते. तिला पत्ता नव्हता.

"तुम्हा लोकांना सवयच असते," सर म्हणाले. मला हात असते तर!

पिठावर ऑइलपेंट टिकत नाही. या ओलीत गालावरचा पोपडा नेमका तिथेच सुटलाय, खालचा चट्टा दिसू लागलाय. शनिवारी सर पुन्हा रंग देणार आहेत.

गौरे, तू मान खाली घालून येतेस आणि तशीच जातेस. नावाचा का होईना, मी राजा आहे. माझा एकच हुकूम आहे. शनिवारच्या आत एकदा वर बघ.