दोन चिंध्यांचा खेळ

गाडीखालून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. दिसत होते ते फक्त बाबांचे पाय, टाचांना भेगा पडलेले आणि इतके निश्चल, की माझ्या मनात भलतीच शंका येऊन गेली. हाक मारायला उघडलेलं तोंड मी मिटून घेतलं. गेल्या दोन दिवसांत आम्हा बापलेकींचं जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

कुंपणावरून शेजारचे काका डोकावले. "काय उस्ताद, डोळा लागला वाटतं? उशी आणून देऊ?"

"तुमच्या बडबडीनं मेलेलाही उठून बसेल," गाडीखालून उत्तर आलं. "नळीची क्लिप अडकलीय. माती बसून दगड झालाय तिचा."

"हो हो, नाचता येईना…" काकांनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. मी हसले. ते हसू मला अजून सलतं.

पैज बाबांनीच लावली होती. महिन्यापूर्वी दूध गॅसवर ठेवून ते फिरायला निघून गेले होते. स्वयंपाकघराची एक भिंत छतापर्यंत काळी झाली होती. दोन दिवसांपूर्वी आले तेव्हा ती पाहून मी म्हटलं, आता पुरे, माझ्याकडे चला. आई गेल्यापासून हे मी चौथ्यांदा म्हणत होते. बाबा त्या भिंतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुझी गाडी चढाला आचके देते ना? पेट्रोलचा फिल्टर तुंबलाय. मी बदलतो. गाडी नीट झाली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. मी कुठं चुकलो, तर म्हणशील तिथं येतो."

एकतीस वर्षं त्यांनी आगारात बसगाड्या दुरुस्त केल्या होत्या. मी हो म्हटलं.

"बाई, गरम पाणी आण जरा. उकळतं नको, बोटाला सोसेल एवढं."

मी तांब्या सरकवला. पाणी ठिबकल्याचा आवाज आला, मग पुन्हा शांतता, आणि मग एक बारीकशी टक्.

"सुटली!" तो आवाज सत्तरीतल्या माणसाचा नव्हता. "बघितलंस? अडून बसलेल्याला ओढायचं नाही. ऊब द्यायची."

जुना फिल्टर हातात घेऊन ते बाहेर आले, गोणपाटावर बसले. नव्या फिल्टरवरचा बाण कोणत्या दिशेला आहे ते त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. आणि मग, न बघता, त्यांचा हात मागे गेला. तिथं सुटे भाग धुवायचा जुना डबा होता. त्यातलं त्यांनी फिल्टरमध्ये ओतलं, सावकाश, काठोकाठ. बसगाडीचा फिल्टर असाच भरून बसवायचा असतो. रिकामा बसवला तर हवा अडकते आणि इंजिन उठत नाही. डोक्याला न विचारता हात एकतीस वर्षं मागे गेला होता.

डब्यात डिझेल होतं.

मला वास आला. मी पाच वर्षांची असताना बाबा माझे डोळे झाकून दोन चिंध्या नाकाशी धरत, "सांग, कोणती कसली?" पेट्रोलचा वास नाकात शिरून पळून जायचा, डिझेलचा जड, ठाण मांडून बसणारा. मी एकदाही चुकले नव्हते. आगारात ते सांगत फिरायचे, पोरीला नाक दिलंय देवानं.

वेळ भरपूर होता. त्यांनी फिल्टर बाहेरून पुसला, पुन्हा पाठीवर आडवे झाले, दोन्ही नळ्या बसवल्या. एका शब्दाचं काम होतं. मी मूग गिळून उभी राहिले. त्या काळ्या भिंतीची मला भीती वाटत होती, हे खरं. पण तेवढंच खरं नव्हतं. मला जिंकायचं होतं.

"मार किल्ली!"

किल्ली मीच फिरवली. पुढच्या नळीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन छान लागलं, आणि बाबा लहान मुलासारखे हसले. काकांनी टाळ्या वाजवल्या. मग इंजिन खोकलं. गाडी गदगदा हलली, मागून पांढरा धूर निघाला, आणि सगळं बंद पडलं.

काकांना काहीतरी बोलायचं होतं. बाबांचा चेहरा पाहून ते मुकाट्यानं घरात गेले.

बाबांनी आपली बोटं हुंगली. मग डब्याकडे पाहिलं.

"डिझेल," ते म्हणाले. "पेट्रोलच्या गाडीत डिझेल घातलं मी. हात आपोआप गेला गं."

"होतं असं, बाबा."

ते पुन्हा गाडीखाली गेले. फिल्टर पुन्हा काढला, पेट्रोलनं धुतला, नळ्या निथळवल्या, जोडलं. तासाभरात गाडी धूर न सोडता शांत चालू लागली. आचके उरले नव्हते.

"झाली की नीट!" मी म्हटलं.

"नाही. चुकलो ते चुकलो. उद्या निघू आपण." चिंधीनं बोटं पुसता पुसता त्यांनी विचारलं, अगदी सहज, "तुला वास नाही आला?"

"सर्दी झालीय दोन दिवस."

त्यांनी मान हलवली. पायाशी पडलेली दुसरी चिंधी उचलली आणि खेळातल्यासारखी माझ्या नाकाशी धरली. "ही?"

"डिझेल," मी म्हणाले. डोक्याला न विचारता.

आमच्या दोघांमध्ये तो शब्द उभा राहिला. बाबांनी चिंधीची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि ती खिशात ठेवली. दुरुस्तीचे पाने गोणपाटावर तसेच पसरलेले होते. पुसल्याशिवाय पाना खाली ठेवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"बाबा," मी म्हणाले, "नका येऊ माझ्याकडे. राहा इथंच. ऐकताय ना? मी पुन्हा कधी विषय काढणार नाही."

त्यांनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, नेहमीसारख्या जोडीनं ठेवल्या, आणि मागे न पाहता आत निघून गेले.