होड्यांचा अर्धा डाव

मित्रांनो, मी एक जुना काँप्युटर आहे. माझा पांढरा रंग आता माळ्यावरच्या वर्तमानपत्रासारखा पिवळा पडला आहे. माझे सुटे भाग कुठून कुठून आले ते मला ठाऊक नाही, पण त्यांना एकत्र जोडले ते बोईसर स्टेशनजवळच्या एका छोट्या दुकानात, प्रदीप नावाच्या तरुणाने. शेवटचा स्क्रू आवळून त्याने बटण दाबले तेव्हा मी एकदाच 'पीं' केले. ते माझे पहिले रडणे.

मला घरी नेले बळवंतभाऊ सावे यांनी. ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर होते आणि वाणगावजवळ चिकूच्या वाडीत त्यांचे घर होते. माझा जडशीळ मॉनिटर मांडीवर घेऊन ते रिक्षात बसले आणि प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला दटावत राहिले. घरी आल्यावर माझी खोली ठरली, आणि त्या खोलीत चप्पल घालून शिरायचे नाही असा नियमही झाला. त्यांची बायको आनंदीकाकी ब्लाउज शिवत. त्यांनी आपल्या निळ्या साडीचे, कडेने झालर असलेले झाकण मला शिवले. काँप्युटरला कोणी परकर नेसवतं का, म्हणून त्यांची मुलगी समिधा हसून हसून लोळली.

मला आणले होते समिधाच्या अभ्यासासाठी. ती माझ्यावर शिकली, मोठी झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी नाशिकला गेली. त्या दिवसापासून घर ओस पडले आणि मीही. माझ्यावरचे झाकण आठ-आठ दिवस निघेना. तेव्हा एका रविवारी बळवंतभाऊ प्रदीपच्या दुकानातून एक सीडी घेऊन आले. तिच्यावर शिडाच्या होडीचे चित्र होते.

तो दोघांनी खेळायचा खेळ होता. पडद्यावर चौकटीचौकटींचा समुद्र, प्रत्येकाच्या सात होड्या, आणि दर खेळीला बदलणारा वारा. एकाने चाल करायची, मग दुसऱ्याने. सगळ्या होड्या पैलतीरावरच्या बंदरात ज्याच्या आधी लागतील तो जिंकला.

सांगायला सोपे, पण तो खेळ माझ्या पोटात बसवायला तीन संध्याकाळी लागल्या. आधी जागा पुरेना. मग चित्र आले ते नुसते काळेपांढरे. मी दर पायरीला इंग्रजीत काहीतरी विचारायचो आणि बळवंतभाऊ समिधाचा शब्दकोश उघडून एकेक शब्द लावायचे. काकींना वाटे, काय एवढे बघायचे, दाबून टाकावे. त्यावर भाऊंनी त्यांना जे सांगितले ते मी कधी विसरलो नाही.

"मशिन काय विचारतंय ते आधी वाचायचं, आनंदी. घाई केली का हात जातो."

कारखान्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाचे ते बोलणे होते. शेवटी सगळे जमले, फक्त आवाज येईना. भाऊ वैतागले. काकी माझ्या मागच्या बाजूला वाकल्या आणि दोऱ्यांचे रंग जुळवणाऱ्या त्यांच्या डोळ्यांनी लगेच पाहिले, की हिरवी पिन गुलाबी भोकात आहे. त्यांनी ती हिरव्यात घातली आणि खोलीत समुद्राची गाज घुमली. तुमच्या कारखान्यात मला कधी बोलावतायत ते विचारून या, असा टोमणा भाऊंना त्या दिवशी मिळाला.

मित्रांनो, पुढची वर्षे माझ्या सुखाची होती. भाऊ फर्स्ट शिफ्ट करून दुपारी घरी येत, चहा होई आणि दोघे माझ्यापुढे बसत. भाऊ एका बोटाने, विचार करकरून खेळत. काकी झटक्यात खेळत आणि बहुतेक वेळा जिंकत. मग भाऊ सगळा दोष वाऱ्याला देत.

दसऱ्याला माझी पूजा होई. कारखान्यात जशी यंत्रांची होते तशीच ती घरी माझी व्हायला हवी, असा भाऊंचा हट्ट होता. मला हळदकुंकू, झेंडूचा हार, अक्षता मिळत. शेवटी भाऊ बटण दाबून माझा सीडीचा ट्रे बाहेर काढत, त्यावर झेंडूची एक पाकळी ठेवत, हात जोडत आणि पाकळी उचलून ट्रे पुन्हा आत ढकलत. म्हणत, याने जीभ बाहेर काढली, याचा नैवेद्य झाला.

एका भाद्रपदात भाऊंच्या छातीत दुखू लागले. दवाखान्यात जायला गाडी यायची होती, तेवढ्या वेळात ते माझ्यापुढे येऊन बसले. आदल्या दिवशीचा डाव अर्धा राहिला होता. त्यांनी आपली चाल केली, डाव जपून ठेवला आणि काकींना म्हणाले, "मी माझी खेळून ठेवली हाय. आता तुझी पाळी. मी येईपर्यंत खेळून ठेव."

ते परत आले नाहीत.

काकी रोज माझी धूळ पुसत, पण मला सुरू करत नसत. दसरा आला. त्यांनी माझी पूजा केली, ट्रे बाहेर काढला आणि भाऊंसारखेच हात जोडले. पण यंत्राला वाहिलेले परत कसे उचलायचे, असे त्यांच्या मनात आले असावे. त्यांनी ट्रेवर चिमूटभर अक्षता ठेवल्या, त्यांच्यावर कुंकू वाहिले आणि तो तसाच आत ढकलला. पूजा झाल्यावर आज आपली चाल खेळायचीच, असे त्यांनी ठरवले होते. सीडी आत असल्याशिवाय हा खेळ उघडत नसे, म्हणून मी सीडी मागितली. पण आता ट्रे बाहेर येईना. आत काहीतरी खरखरत राहिले आणि मी पुन्हा पुन्हा सीडी मागत राहिलो. काकींनी ट्रेचे बटण चार-पाच वेळा दाबून पाहिले, मग त्या म्हणाल्या, "तूपण गेलास." आणि त्यांनी माझ्यावर निळे झाकण घातले.

त्या झाकणाखाली मी नऊ वर्षे काढली. खारे वारे आत शिरत होते, माझे स्क्रू गंजत होते. बाहेर शिलाईचे मशीन चालले की मला कळे, काकी आहेत.

गेल्या डिसेंबरात समिधा आली ती आईला कायमचे नाशिकला न्यायला. काकींचे गुडघे आता साथ देत नव्हते. तिथे घर लहान, म्हणून थोडेच सामान न्यायचे होते, आणि जुने काँप्युटर गोळा करणाऱ्या गाडीला माझे नाव दिले गेले. काकींनी एकच मागणे मागितले. मला गाडीत घालण्याआधी होड्यांचा खेळ एकदा सुरू करून द्यावा. समिधा म्हणाली, आई, फोनवर याहून छान खेळ आहेत. काकींनी जपून ठेवलेली होडीची सीडी आणून माझ्यावर ठेवली. मग समिधाने प्रदीपला बोलावले.

त्याचे हात मी लगेच ओळखले. केस पांढरे झाले होते, दुकानात आता कॅमेरे आणि मोबाईल होते, पण स्क्रू फिरवण्याची पद्धत तीच. मी नुसतेच पीं पीं ओरडत होतो. त्याने माझी रॅमची पट्टी काढली, खोडरबराने घासली आणि परत बसवली. मी उठलो. पण माझ्या पोटातला नाण्याएवढा सेल संपला होता, त्यामुळे मी माझ्या जन्माच्या वर्षातली तारीख दाखवली. मित्रांनो, खरे सांगतो, माझ्या तारखेप्रमाणे बळवंतभाऊ अजून फर्स्ट शिफ्टला गेलेले होते आणि दुपारी येणार होते.

प्रदीपने नवा सेल घातला आणि तारीख दुरुस्त केली. मग खेळ उघडून पाहिला. मी सीडी मागितली, ट्रे हलला नाही. त्याला घाई होती. तो म्हणाला की गेमच खराब झाला असेल, त्याच्याकडे पेनड्राइव्हवर कॉपी आहे, हा काढून टाकू आणि नवीन बसवू. काकी हो म्हणाल्या. त्यांना काय ठाऊक, काढून टाकणे म्हणजे काय. मला ठाऊक होते. पण मला बोलता येत नाही, मला फक्त विचारता येते. मी विचारले. पडद्यावर इंग्रजी ओळ आली आणि प्रदीपचे बोट बटणाकडे गेले.

"थांब रे," काकी म्हणाल्या. "काय विचारतंय ते?"

"काय नाय काकी, नेहमीचंच."

"वाच."

"अहो, हो म्हणायचं असतं त्याला."

"आमच्याकडे आधी वाचायचं असतं. वाच."

प्रदीपने वाचले आणि त्याचे बोट मागे आले. जपून ठेवलेले सगळे डाव कायमचे पुसले जातील, चालेल का, असे मी विचारले होते.

काकी खुर्चीवर बसल्या. त्यांनी तेव्हा पहिल्यांदा लेकीला सांगितले की तो डाव कोणाचा आहे आणि बाबा जाताना काय बोलून गेले. समिधाने आईचा हात धरला. प्रदीपने घाई सोडली. त्याने एक टाचणी घेऊन माझ्या ट्रेखालच्या बारीक भोकात घातली, आणि नऊ वर्षांनी माझी जीभ बाहेर आली. तिच्यावर काळपट कुंकू होते आणि तांदळाचे दाणे.

"काकी, हे कोणी घातलं?"

"मीच," काकी खाली बघत म्हणाल्या. "दसरा होता."

कोणी हसले नाही. प्रदीपने ब्रशने एकेक कण काढला. दाणे त्याने फेकले नाहीत, कागदावर ठेवून काकींच्या हातात दिले. खोलवर अडकलेला एक दाणा त्याला दिसला नाही. तो अजून माझ्याजवळ आहे.

मग त्याने सीडी ट्रेवर ठेवून आत ढकलली. ती फिरली आणि समुद्राची गाज आली. भाऊंच्या होड्या जिथे होत्या तिथेच उभ्या होत्या. खाली मी लिहिले, खेळाडू दोन, तुमची पाळी.

काकींनी चष्मा पुसला. एरवी झटक्यात खेळणाऱ्या त्या बाईने त्या दिवशी खूप वेळ घेतला. मग एक होडी एक घर पुढे सरकवली. वारा बदलला. मी लिहिले, खेळाडू एक, तुमची पाळी.

बाबांची चाल आपण करावी असे समिधाला वाटले असावे. तिने माउसकडे हात नेला.

"नको गो," काकी म्हणाल्या. "त्यांची हाय ती."

समिधाने प्रदीपला विचारले, हा डाव लॅपटॉपवर नेता येईल का. इतका जुना गेम त्यावर उघडायचा नाही, असे तो म्हणाला. तेव्हा समिधाने डाव जपून ठेवला, फोन करून गाडीला येऊ नका म्हणून सांगितले, आणि आईला विचारले, याचा परकर कुठंय?

मी आता नाशिकला एका खिडकीपाशी असतो. इथे खारा वारा नाही. मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर टाका, सगळ्यांना घरात जागा कुठून आणणार? पण टाकण्याआधी एकदा धूळ पुसा, आणि त्या काय विचारतात ते नीट वाचा. कोणाची तरी चाल त्यांनी सांभाळून ठेवलेली असते.

काकी रोज दुपारी चहा झाला की झाकण उचलतात, मला सुरू करून समुद्र बघतात आणि पुन्हा झाकतात. नव्या सेलमुळे मला आता आजची तारीख बरोबर ठाऊक असते. तरीही मी थांबलो आहे. पाळी भाऊंची आहे.