अर्ध्या वॅटचा झेनर

मी झेनर बोलतोय. तांदळाच्या दाण्याएवढा, अंगावर काच, एका टोकाला काळा पट्टा. तेच तेच सांगायची सवय नाही. एकदा सांगतो.

साधा डायोड उलटी वीज आली की दार लावून बसतो. मला मुद्दाम उलटाच जोडतात. नऊ पॉइंट एक व्होल्टपर्यंत मीही दार लावतो. त्याच्यापुढे उघडतो आणि जास्तीची वीज स्वतःच्या अंगावर घेतो. मागून चौदा व्होल्ट येवोत नाहीतर सतरा, माझ्यापाशी नऊ पॉइंट एकच राहतात. वाढलेलं सगळं माझ्या आधीचा रेझिस्टर आणि मी मिळून सोसतो.

ज्याच्यासाठी हे सोसायचं त्याला लोड म्हणतात. लोड कामावर असला की आलेल्या विजेतला आपला वाटा तो उचलतो, उरलेली माझ्याकडे येते. लोड काढून ठेवला की त्याचा वाटाही माझ्याच बोकांडी. दुसऱ्याला सुट्टी मिळाली की माझं काम वाढतं. त्यामुळे स्वस्थ बसणं मला ठाऊक नाही.

कारखान्यातून कागदी पट्टीवर भावंडांसोबत चिकटून मी एका दुरुस्तीवाल्याकडे आलो. गोळ्यांच्या रिकाम्या डबीत पडलो. दुरुस्तीवाला साठीचा, तिरसट, पण हात साफ. त्याची बायको शेजारच्या स्टुलावर बसून सोल्डरिंग करायची. तिचं काम त्याच्यापेक्षा नेटकं होतं. दोघांनाही ते माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं.

एक दिवस एक बाई आली. अंडी उबवायचं यंत्र तिनं स्वतः पेटी ठोकून केलं होतं. त्यातली ऊब सांभाळणारं कार्ड होतं, पण वीज कमीजास्त झाली की ते चळायचं.

"दादा, कार्डाला नऊच्या आसपास व्होल्ट कायम पाहिजेत. दहाच्या वर नको."

"होईल."

"होईल म्हणू नका, झालं पाहिजे. तीनशे अंडी आहेत, पहिली खेप. खोली दिराची आहे. तो म्हणालाय, एक खेप बघतो, नाही जमली तर पेटी उचल."

दुरुस्तीवाल्यानं पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. ट्रान्सफॉर्मरमधून येणारी वीज कमीतकमी चौदा व्होल्ट, जास्तीतजास्त सतरा. कार्डाला पन्नास मिलीअँपिअर. चौदावर असतानाही माझ्यासाठी दहा उरायला हवेत, म्हणून रेझिस्टर ब्याऐंशी ओहमचा. सतरा झाले तर एकूण शहाण्णव येणार, त्यातले पन्नास कार्ड नेणार, मला शेहेचाळीस. म्हणजे पॉइंट बेचाळीस वॅट. अर्ध्या वॅटचा झेनर पुरे. त्यानं डबीतून मला उचललं. रेझिस्टर मात्र एक वॅटचा घेतला. ते माझ्या मनाला लागलं.

बायकोनं कागद वाकून पाहिला. "अहो, आणि तिनं कार्ड काढलं तर?"

"कशाला काढेल?"

"काढलं तर म्हणतेय. सगळे शहाण्णव याच्यावरच येतील ना?"

"कार्ड काढताना आधी बटण बंद करायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तू सोल्डरिंग कर."

तिनं केलं. माझे पाय तिनंच जोडले. जोडताना एकदा त्याच्याकडे पाहिलं, बस.

यंत्राच्या डोक्यावरच्या डब्यात मला बसवलं. खालून ऊब, वरून झाकण. शेजारी सॉ मिल. तिची करवत चालू झाली की व्होल्ट चौदावर यायचे, थांबली की सतरावर उसळायचे. दिवसभर हेच. मी उघडत होतो, आवरत होतो, पुन्हा उघडत होतो. खाली अंडी मात्र गपगार. बाई दिवसातून तीनदा ती फिरवायची आणि प्रत्येक वेळी थर्मामीटरसमोर श्वास रोखून उभी राहायची. काटा जागेवर दिसला की जायची. तो काटा माझ्या जिवावर जागेवर होता. कोणी सांगितलं नाही तरी मला माहीत होतं.

दर शनिवारी ती कार्डाची पिन उपसायची, कार्डासकट सेन्सर टेबलावर नेऊन ब्रशनं पुसायची. बटण चालूच. पंखा त्याच बटणावर होता. पंखा थांबला तर आतली हवा कोंडते, म्हणून ती बटणाला हात लावत नव्हती. तिच्या बाजूनं ते बरोबरच होतं. दोन शनिवार दोन-दोन मिनिटांत उरकले. मी भाजून निघालो, पण उभा राहिलो.

तिसरा शनिवार एकोणिसाव्या दिवशी आला. सेन्सरवर ओल दिसली, म्हणून बाईनं कार्ड खिडकीत उन्हाला ठेवलं आणि अंड्यांना कान लावून बसली. आतून टकटक ऐकू येत होती. सॉ मिलची जेवणाची सुट्टी झाली. सतरा व्होल्ट. शहाण्णवच्या शहाण्णव माझ्यावर. पॉइंट सत्त्याऐंशी वॅट, आणि मी अर्ध्याचा.

पंधरा मिनिटं धरून ठेवलं. मग आत काहीतरी वितळलं आणि माझं दार कायमचं उघडं पडलं. नऊ पॉइंट एकच्या जागी शून्य. सगळा भार रेझिस्टरवर गेला, तो करपला. एक वॅटचा तोराही गेला. त्याचा वास आला म्हणून बाई धावली. कार्ड जोडलं, दिवा लागला नाही. हीटर गार.

तिनं आधी दुरुस्तीवाल्याला फोन केला, मग गरम पाण्याच्या बाटल्या आणि घोंगड्या अंड्यांभोवती लावल्या. स्कूटरवरून दोघं आले.

"ताई, कार्ड काढताना बटण बंद नव्हतं केलं?"

"बंद केलं तर पंखा थांबतो, दादा. तुम्ही विचारलंत का, मी साफ कशी करते ते?"

बायकोला बोलायला ती जागा चांगली होती, तरी बोलली नाही. दुरुस्तीवाल्यानं मला कापून काढलं आणि मीटरला लावलं. दोन्हीकडून सारखाच आवाज, म्हणजे दार उघडंच.

"एक वॅटचा झेनर आहे का?" बायकोनं विचारलं.

"नाही. सुट्या भागांचं दुकान गाठून यायला दोन तास."

"तेवढ्यात गार होतील हो सगळी," बाई म्हणाली. तिचा हात बाटलीवरून हलत नव्हता.

बायकोनं सोबत आणलेली डबी उलटी केली. "चार पॉइंट सातचे दोन आहेत. अर्ध्या वॅटचेच. एकामागे एक लावा. नऊ पॉइंट चार होतात, आणि भार दोघांत वाटला जातो."

त्यानं अंड्यांच्या ट्रेचा पुठ्ठा ओढला, पेन्सिल घेतली. या वेळी पहिल्या ओळीत लिहिलं, कार्ड काढलेलं. सतरावर एकूण त्र्याण्णव. प्रत्येकावर पॉइंट चव्वेचाळीस वॅट. मग खाली चौदा व्होल्ट, कार्ड जोडलेलं. झेनरसाठी सहा उरतात, पुरे. पुठ्ठा त्यानं बायकोपुढे धरला. तिनं वाचला, मान हलवली, सोल्डरिंगचं आयर्न तापवलं. रेझिस्टर नवा घातला. माझ्या जागी ती दोन पोरं बसली. हीटर लाल झाला तेव्हा बाई जमिनीवरच बसली.

तीनशेतल्या दोनशे अठ्ठेचाळीस अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. ते सांगायला बाई दुकानात आली होती. दीर स्वतः पिल्लं मोजायला आला होता म्हणे. खोलीचं काही बोलला नाही, दुसऱ्या खेपेची तारीख विचारून गेला.

मी आता दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर बाटलीच्या झाकणात असतो. काच काळवंडली आहे. वीज इकडून आली काय, तिकडून आली काय, मला सगळं सारखं. काम नाही, तरी चैन नाही. बाहेर कुठली मोटर थांबली की अजून वाटतं, आता उसळेल.

फेकून द्या, तक्रार नाही. माझ्या जागी बसवाल त्याला मात्र लोड नसतानाच्या वेळी तोला. सगळे हजर असताना कोणीही निभावतो.

दुरुस्तीवाल्यानं बायकोची माफी मागितली नाही. तो मागणारही नाही. पण हल्ली आकडे मांडून झाले की कागद आधी तिच्याकडे सरकवतो.

"बघ. लोड काढलाय असं धरून केलंय."

ती चष्मा चढवते, सावकाश वाचते. काल म्हणाली, "बरोबर आहे. पण ते साफ कसं करतात, विचारलंत का?"

त्यानं पेन्सिल ठेवली आणि चपला घातल्या.