नुसतं वरून तेल

ताईच्या दुकानात बंदुकांना नावं होती, आणि ती तिच्या वडिलांनी, बंदुका दुरुस्त करणाऱ्या वस्तादांनी, ठेवलेली. पंपाच्या शॉटगन तिथे तीन जातीच्या यायच्या. एक पोलादी अंगाची, जड, दिसायला रुबाबदार, मूठ कशी गुळगुळीत सरकायची; पण जरा दुर्लक्ष झालं की गंजून रुसून बसायची. ती सासू. दुसरी हलक्या धातूची, सगळीकडून खुळखुळणारी. पण चिखलात पाडा नाहीतर पावसात भिजवा, कामाला नाही म्हणायची नाही. ती सून. तिसरीचं काडतूस आत जायचं ते खालून आणि रिकामं बाहेर पडायचं तेही खालूनच. धूळ शिरायला जागा कमी, पण एकदा उघडायला घेतली की अख्खी दुपार खायची. ती नणंद.

गिऱ्हाईक विचारायचं, "ताई, यातली टिकाऊ कुठली?"

"निगा राखणार असाल तर सासू न्या, नातवंडांना पुरेल," ताई म्हणायची. "आळस असेल तर सून घेऊन जा बाबा. ती बिचारी सगळं सहन करते."

आता पंपाची गोष्ट अशी की, बार काढला की पुढची मूठ पार मागे ओढायची, रिकामं काडतूस बाहेर पडतं. मूठ पुढे ढकलायची, नवं आत बसतं. मूठ अर्धवट ओढली तर नवं काडतूस येतच नाही, चाप दाबला की नुसतं खट. घाबरलेला माणूस नेमकी हीच चूक करतो. पण आत घाण साचून काडतूस सोडणारा खटका चिकटून बसला, तरी हेच होतं; हाताने थेट आत बसवलेलं पहिलं काडतूस उडतं, दुसरं येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीत काडीचा फरक दिसत नाही. तो बघायचा तर बंदूक उघडावी लागते.

ताईला जगात एकच बंदूक उघडायची होती. तिचा धाकटा भाऊ जी हातात धरून मेला, ती.

त्याला सगळे बारक्या म्हणायचे. पिठाच्या गिरणीवर पहारेकरी होता. पगाराच्या दिवशी दोघं हत्यारं घेऊन फाटकातून आत घुसले. बारक्याने एक बार काढला, तो भिंतीत गेला. दुसरा निघालाच नाही. त्यांनी त्याला फाटकातच संपवलं. चौकशीत गिरणीच्या मालकाने एका वाक्यात निकाल लावला, "पोरगा घाबरला, मूठ पूर्ण ओढली नाही." फौजदाराने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. झालं! मेलेल्याला पुन्हा मारलं.

ताई मालकाच्या दारात गेली होती. "मला फक्त ती बंदूक उघडू द्या," म्हणाली. मालक म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ तो. तुम्ही काय, त्याच्याच बाजूने बोलणार." आणि दार लावून घेतलं. पुढे तीच बंदूक वरवर पुसून दुसऱ्या पहारेकऱ्याच्या हातात दिली. लाज नावाची गोष्ट या माणसाने कधी घरात आणलीच नसावी.

काय झालं असणार ते ताईला पक्कं ठाऊक होतं. गिरणीत श्वास घेतला तरी पीठ नाकात जायचं. तिथल्या बंदुका कुणी उघडायच्या नाहीत, गिरणीबाहेर न्यायच्या नाहीत, हा मालकाचा हुकूम. "उघडलं की स्क्रू हरवतात. वरून तेल सोडा." आणि तेल कुठलं, तर गिरणीच्या यंत्राचं, काकवीसारखं घट्ट. बारक्या जेवताना हसत सांगायचा, "ताई, आमच्या बंदुकीत आता कणीक मळून तयार असेल बघ." तीही हसायची. तेव्हाच जाऊन मालकाच्या मानगुटीवर का बसले नाही, हे तिला रोज खायचं.

पण त्याहून जास्त खायची ती आई. एकदा किराण्याच्या रांगेत तिच्या मागून कोणीतरी म्हणालं, "वस्तादाचा पोरगा, आणि त्यालाच बंदूक चालवता येईना!" आई रिकामी पिशवी घेऊन परत आली. तेव्हापासून तिने उंबरठा ओलांडला नव्हता. त्या दिवशी ताईने मालकावर डूख धरला.

मनात काय काय यायचं तिच्या! बंदूक तिच्या धन्यावरच कशी उलटवायची, हे ताईला येत नव्हतं असं समजू नका. पण तसं काही केलं असतं तर वडील स्वर्गातून खाली उतरून तिच्या कानाखाली काढून परत गेले असते. आणि मालक मेला म्हणजे तर सुटलाच की. तिला तो जिवंत हवा होता, चारचौघांत, तोंड उघडं पडलेला.

तर हा मालक एका सकाळी आपणहून दुकानाची पायरी चढला. नेमबाजीच्या मैदानावर महिन्याभराने स्पर्धा होती, बक्षीस गिरणीचं, आणि पठ्ठ्या स्वतःही उतरणार होता. तोही एके काळी पोतीच उचलायचा. वर आल्यावर मात्र खाली बघायचं विसरला. त्याच्या हातात नवीकोरी दिसणारी सासू होती. गावात दुसरं दुरुस्तीचं दुकान नव्हतं, नाहीतर कशाला आला असता.

"ही जातच चांगली, नाही का?" तो म्हणाला. "ते हलके खुळखुळे मला नाही आवडत."

"निगा राखली तर हिला तोड नाही," ताई म्हणाली.

"त्यासाठीच आणलीय. पण उघडू नकोस हं. तुम्ही लोक उघडता आणि मग काहीतरी कमीजास्त होतं. हे घे तेल, गिरणीतलं आहे. वरून सोड भरपूर."

एरवी असं कोणी बोललं असतं तर ताईने त्याला दुकानाबाहेर काढून वर ऐकवलं असतं, की बंदुकीला तेल थेंबभर लावायचं आणि तेही पुसून घ्यायचं, ही काय भजी तळायची कढई आहे? जिभेवर आलंच होतं तिच्या. तिने ते गिळलं.

"उघडू नको म्हणता? अगदी पक्कं?"

"एकदा सांगितलं ना!"

"तुम्ही म्हणाल तसं, मालक."

आणि तिने तेल सोडलं. खालच्या फटीतून सोडलं, मुठीच्या सळ्यांवर सोडलं, अगदी तो म्हणाला तेवढं आणि तसंच. तिच्या दुकानाची एक रीत होती, हातून गेलेल्या बंदुकीचा पहिला बार दुरुस्त करणाऱ्याने स्वतः काढायचा. मागच्या अंगणात वाळूची रास होती. ताईने एक काडतूस भरलं, बार काढला, मूठ मागे ओढली. तेल ताजं होतं, सगळं कसं झकास सरकलं.

"बघ!" मालक खूश झाला. "उगाच लोक उघडाउघडी करत बसतात. आता थेट ऑफिसात भिंतीवर टांगतो."

टांग बाबा, ताई मनात म्हणाली, पीठ तिथे वाटच बघत बसलंय. बंदूक फुटणार नव्हती, कोणाच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. फक्त आतला खटका हळूहळू चिकटणार होता. तरी ताईला दोन-तीन दिवस जेवण गोड लागलं नाही. हातून आयुष्यात पहिल्यांदा वाईट काम गेलं होतं. मग आईकडे बघितलं की पुन्हा भूक लागायची.

स्पर्धेच्या दिवशी ताई आईला म्हणाली, "चल माझ्याबरोबर."

"कशाला?"

"बसायला. माझ्या शेजारी."

आईने तिच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि चपला घातल्या.

मैदानावर ताईचं दरवर्षी एक टेबल असायचं, कोणाची बंदूक अडली तर बघायला. मांडवात पहिल्या रांगेत फौजदार पाहुणा म्हणून बसला होता. कडेला गिरणीचे पहारेकरी बंदुका घेऊन उभे होते, बक्षिसाच्या टेबलाची शोभा म्हणून. मालकाची पाळी आली. एकदम दोन मातीच्या तबकड्या हवेत उडायच्या, दोन्ही फोडायच्या.

पहिली फुटली. मालकाने मूठ ओढली, पुढे ढकलली, चाप दाबला. खट.

लोक हसले. पुन्हा तबकड्या सोडल्या. पहिली फुटली, दुसरीला पुन्हा खट. तिसऱ्यांदाही तेच. आणि फौजदार, काय सांगावं त्याचं, सवयीने मोठ्याने म्हणाला, "अहो मालक, मूठ पूर्ण ओढा की! घाबरलात काय?"

मांडव खदखदून हसला. मालकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो गर्रकन वळला.

"घाबरतंय कोण? पूर्ण ओढली मी! पार मागेपर्यंत! बंदूक अडकतेय, आत काहीतरी चिकटलंय! ती बाई, तिने बंदूक उघडलीच नाही, नुसतं वरून तेल सोडलं. अशाने दुसरं काडतूस येईल कसं?"

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. ताई उठली. तिचा आवाज खणखणीत निघाला.

"का नाही उघडली मी, मालक? सांगा सगळ्यांना. उघडू नकोस म्हणून कोण म्हणालं?"

आपण काय बोलून गेलो ते मालकाला आत्ता कळलं.

"आम्हालाही तेच सांगतात," पहारेकऱ्यांतून आवाज आला. तो लंबू होता, बारक्यानंतर त्याच्या जागी लागलेला. तो चालत टेबलाशी आला, आपल्या बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकली आणि बंदूक ताईसमोर ठेवली. "ताई, ही बारक्याची. तेव्हापासून माझ्याकडे आहे."

"ती गिरणीची मालमत्ता आहे!" मालक ओरडला. "तिला हात लावायचा नाही!"

ताईने त्याच्याकडे बघितलंही नाही. "फौजदार साहेब, तुम्ही उघडता की मी उघडू?"

फौजदाराने इकडेतिकडे बघितलं. सगळा मांडव त्याच्याकडे बघत होता. "उघड," तो म्हणाला.

ताईने दोन खिळी ठोकून काढल्या, चापाचा भाग खाली ओढला. तो सुटेना, हिसका द्यावा लागला. आत काळपट, दगडासारखी वाळलेली कणीक भरली होती. मांडवात कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. ताईच्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. ती ज्या दिवसाची वाट बघत होती, तो आला होता.

आई खुर्चीवरून उठून जवळ आली. "कुठला तो खटका?"

ताईने दाखवला.

"हा हलायला हवा होता?"

"हो आई. बोटाने दाबला तरी हलतो. तेव्हा कुठे काडतूस सुटतं."

आईने आपला अंगठा त्याच्यावर ठेवला आणि दाबला. मग दोन्ही अंगठे लावले, ओठ आवळून सगळा जोर लावला. तो हलला नाही.

"पुरे झाला तमाशा," मालक खालच्या आवाजात म्हणाला. "साफ कर ते आणि बंद कर. काय लागेल ते देतो."

"आयुष्यभर बंदुका पुसत आले मी," ताई म्हणाली. "ही नाही पुसणार. हिला आता कोणीच पुसायचं नाही. साहेब, ही अशीच घेऊन चला, आणि मालक आत्ता जे बोलले ते लिहून घ्या. पूर्ण ओढली तरी अडकते. तेव्हाही त्यांचंच ऐकून लिहिलं होतंत, आताही त्यांचंच लिहा."

फौजदाराने मान खाली घातली आणि टेबलावरच्या कापडात बंदूक गुंडाळायला घेतली. मालक जायला निघाला, पण लोक वाट देईनात.

आईने स्वतःची खुर्ची ओढत आणली आणि त्याच्यासमोर मांडून तिच्यावर बसली.

"मूठ ओढूनही काडतूस येत नव्हतं," ती म्हणाली. "समोर दोघं उभे. मग माझ्या लेकाने काय करायचं होतं?"

मालक मागे वळला, पण मागेही लोक उभे होते.

"सांगा," आई म्हणाली. "मला घरी जायची घाई नाही."