पुण्यवानांचे घराणे

पणजोबा कागदाच्या कारखान्यात बॉयलरमध्ये कोळसा टाकीत. ते चोपन्नाव्या वर्षी झोपेत गेले. आजोबा त्याच कारखान्यात मुकादम झाले. ते एकावन्नाव्या वर्षी झोपेत गेले. वडील फोरमन झाले, आणि बावन्नाव्या वर्षी, भरल्या घरात, कोणालाही हाक न मारता, तेही झोपेतच गेले. भिंतीवर तीन तसबिरी लागल्या आणि तिन्ही तसबिरींपुढे लोकांनी एकच वाक्य म्हटले, "पुण्यवान माणूस! ना दवाखाना, ना दुखणं."

घराण्याला या मरणाचा गर्व होता. दुसरा गर्व घोरण्याचा. ज्या घरचा कर्ता चार घरे पलीकडे ऐकू जाईल असा घोरतो त्या घरात चोर शिरत नाही, असे आजोबा सांगत, आणि घरातल्या बायका तेच कौतुकाने पाहुण्यांना सांगत.

चौथ्या पिढीच्या कर्त्याला आता पन्नासावे लागले होते. तोही त्याच कारखान्यात फोरमन होता. कटाई विभाग त्याच्या हाताखाली होता. तिथे हातभर जाडीचा कागदाचा गठ्ठा एका दमात कापणारी पाती होती, आणि पाते कोणाचे तोंड पाहून खाली येत नाही. म्हणून आजोबांनी एक प्रथा घालून दिली होती. कामावर ज्याचा डोळा लागेल त्याच्या गळ्यात पितळी घंटा बांधायची, आणि आठ दिवस, शिफ्ट बदलताना, त्याला फाटकाशी उभे करायचे. येणाराजाणारा ती घंटा वाजवून पुढे जाई. हीच शिस्त, असे तीन पिढ्यांनी मानले होते.

अलीकडे मात्र खुद्द फोरमनचाच डोळा लागू लागला होता. खुर्चीला पाठ टेकली की मान छातीवर येई. सकाळी डोके जड, दिवसभर जीव आंबलेला, आणि शब्दाशब्दाला संताप. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? कामगार एकमेकांना डोळे मिचकावीत आणि म्हणत, "हळू बोला रे, साहेब विचारात गढलेत!"

एका रविवारी आत्या मुक्कामाला आली. आत्या बत्तीस वर्षे रुग्णालयात नर्स होती आणि शेवटची दहा वर्षे मेट्रन. निवृत्त झाली तरी छातीशी उलटे टाचलेले घड्याळ काही सुटले नव्हते. दुपारचे जेवण आटोपून फोरमन आरामखुर्चीत कलंडला आणि पाच मिनिटांत त्याचे घोरणे खोलीभर चढले. चढत चढत गेले आणि मध्येच तुटले.

खोली एकदम गप्प झाली. त्याच्या बायकोने निवडायचे ताट बाजूला ठेवून सरावाने हात पुढे केला. ती त्याच्या खांद्याला ढोसणार तोच आत्याने तिचे मनगट धरले. "थांब." तिची नजर घड्याळावर होती. फोरमनची छाती वरखाली होत होती, पण नाकातोंडातून वारा येत नव्हता. मग हबकून, गुदमरून, त्याने एकदम श्वास ओढला आणि घोरणे पुन्हा सुरू झाले.

"चौतीस सेकंद," आत्या म्हणाली. "सूनबाई, हे ढोसणं किती दिवसांचं?"

"अकरा वर्षं झाली, आत्याबाई. श्वास थांबला की ढोसायचं. रात्रभर तेच. आता सवय झालीय."

"आणि तू झोपतेस कधी?"

"हे कामावर गेले की. कधी कधी भांडी घासता घासता उभ्यानेच." ती हसली. आत्या हसली नाही.

"ऊठ!" तिने खुर्चीच्या हातावर अशी थाप मारली की फोरमन दचकून उभाच राहिला. "तुझा श्वास बंद पडला होता."

"काय आत्या! गाढ झोपलो होतो. घोरणं म्हणजे गाढ झोप."

"बुडणारा माणूस तोंड वर काढून असाच आवाज करतो. त्याला तू पोहणं म्हणशील?"

"आमच्या घरातली माणसं सुखाने जातात. बाबा कसे गेले, आठवतं ना?"

"आठवतं." आत्या खाली बसली. तिचा आवाज उतरला. "तुझ्या बाबांचे डोळे मी मिटले. ओठ निळे होते. मुठी अशा आवळलेल्या की उघडायला मला जोर लावावा लागला. सुखाने गेलेल्या माणसाच्या मुठी तशा नसतात रे. तो झगडून गेला, शेजारच्या खोलीत आपण सगळे असताना. लोक म्हणाले पुण्यवान, आणि मी, नर्स असून, गप्प बसले. भावाच्या कौतुकात मला खरं बोलवेना. एकोणीस वर्षं तो शब्द माझ्या घशात अडकलाय. उद्या डॉक्टरकडे जायचं. हा सल्ला नाही, हुकूम आहे!"

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण बोलणे स्वच्छ होते. डोक्याला, छातीला, बोटाला तारा लावून एक रात्र झोपवल्यावर त्यांनी अहवाल समोर ठेवला.

"तासाला एकेचाळीस वेळा तुमचा श्वास थांबतो. घसा आतून मिटतो. प्रत्येक वेळी मेंदू घाबरून तुम्हाला अर्धवट जागं करतो आणि तुम्हाला पत्ताही नसतो. आठ तास अंथरुणात असता, पण विश्रांती मिळते ती नावाला."

"म्हणजे हा आजार आहे?"

"आजारच. याने रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, साखर बिघडू शकते, पक्षाघाताचा धोका वाढतो. विसरणं, चिडणं, दिवसा पेंगणं, हे सगळं त्यातलंच. जबड्याची आणि घशाची ठेवण पुष्कळदा घराण्यात उतरते. हे संशोधन आजकालचं नाही. इतकी वर्षं झाली, फक्त लोकांच्या घरात ते शिरलेलं नाही."

उपाय म्हणून त्यांनी एक मुखवटा दाखवला. त्याच्या नळीतून यंत्र हवा सोडते आणि घसा उघडा ठेवते.

"तोंडाला सोंड लावून झोपू? लोक काय म्हणतील?"

"भिंतीवरच्या चौथ्या तसबिरीपेक्षा सोंड बरी," आत्या म्हणाली.

डॉक्टरीणबाई कागद पुढे ओढून एकेक प्रश्न विचारू लागल्या. घोरणे मोठे? सकाळी डोके दुखते? बसल्या जागी झोप लागते? उभ्यानेही? प्रत्येक प्रश्नाला फोरमन 'हो' म्हणत गेला, आणि प्रत्येक 'हो' बरोबर त्याला दुसराच चेहरा दिसू लागला.

नऊ वर्षांपूर्वी कटाई विभागात एक कटरवाला होता. नुसत्या अंगठ्याने गठ्ठा चाळून त्यात किती पाने आहेत ते सांगणारा, मोजून पाहावे तर एका पानाचा फरक नाही. तोही फोरमनसारखाच जाड मानेचा. तोही पेंगायचा. फोरमनने स्वतःच्या हाताने त्याच्या गळ्यात घंटा बांधली होती. चौथ्या दिवशी त्याची बायको फाटकाशी आली होती. "साहेब, हे नऊ तास निजतात आणि उठतात ते मार खाल्ल्यासारखे. काहीतरी बिघडलंय हो." तेव्हा सगळ्यांसमोर फोरमन म्हणाला होता, "मग दहा तास निजू दे, घरी बसून!" आठ दिवस पुरे झाले आणि नवव्या दिवशी त्याला कामावरून काढले. गावभर त्याचे नाव 'घंटोबा' पडले.

परतीच्या वाटेवर त्याने हे आत्याला सांगितले. आत्या रस्त्यातच थांबली.

"त्याला घंटा बांधलीस आणि बापाची तसबीर लावलीस! आजार एकच, अरे, एकच! एकाला शिक्षा आणि दुसऱ्याला पुण्य, ही वाटणी कोणी केली? तुम्हीच ना?"

त्या आठवड्यात मुखवटा घरात आला. पहिल्या सकाळी फोरमनला जाग आली ती दूध करपल्याच्या वासाने. बायको चुलीपाशी भिंतीला टेकून झोपली होती, अकरा वर्षांची झोप एकदम अंगावर कोसळल्यासारखी. तिच्याकडे पाहताना त्याला कळले की आपल्या घोरण्याचा पहारा चोरांवर नव्हता, हिच्यावर होता. त्याने आवाज न करता भांडे उतरवले. मग घरच्या कपाटात जपून ठेवलेली आजोबांची घंटा कागदात गुंडाळली आणि तो कटरवाल्याचे घर शोधत निघाला.

कटरवाला आता एका गोदामाचे दार उघडमिट करी. दोन वर्षांपूर्वी त्याची उजवी बाजू पक्षाघाताने गेली होती. उजवा हात मांडीवर परक्यासारखा पडलेला. फोरमनने रुग्णालयाचे कागद त्याच्यापुढे ठेवले, सगळे सांगितले आणि हात जोडले. "चुकलो. तुमचा दोष नव्हता. आजार होता. माफ करा."

"हे कागद तुम्हाला पन्नाशीत मिळाले," कटरवाला म्हणाला. जीभ जड होती, पण शब्द धारदार. "मला एक्केचाळिसाव्या वर्षी मिळाले असते, तर हा हात असता का हो, साहेब?"

फोरमनने जोडलेले हात खाली घेतले.

"आणि मी काय म्हणाले होते फाटकाशी?" कटरवाल्याची बायको दारातून बोलली. "तुम्ही हसलात. तुमच्यामागे सगळे हसले. पोरं शाळेत जायची ती 'घंटोबाची पोरं' ऐकून परत यायची. माफी काय, तोंडाने मागता येते!"

"माफी ठेवा खिशात," कटरवाला म्हणाला. "मी आठ दिवस उभा होतो. फेडायचं असेल तर तेवढं फेडा. एक दिवस कमी नको."

आणि वाचकहो, फोरमन उभा राहिला! सोमवारी शिफ्ट बदलताना, फाटकाशी, गळ्यात आजोबांची घंटा बांधून. पहिल्या दिवशी कोणाचा हात पुढे येईना. त्यानेच ओरडून सांगितले, "वाजवा! त्याची वाजवलीत, माझी का नाही?" मग घंटा वाजू लागली. कोणी हसले, कोणी 'साहेबांचं डोकं फिरलं' म्हणाले. वाजवणाऱ्या प्रत्येकाला तो एकच गोष्ट सांगे, तासाला एकेचाळीस वेळा थांबणाऱ्या श्वासाची. तिसऱ्या दिवशी एक जण घंटा न वाजवता कानाशी कुजबुजला, "साहेब, मलाही सकाळी असंच होतं." सातव्या दिवसापर्यंत असे पाच जण निघाले. पाचांनाही फोरमनने डॉक्टरीणबाईंकडे पाठवले, आणि तपासणी होईपर्यंत त्यांना पात्यापासून दूर, बांधणीच्या कामाला लावले.

मी आयुष्यभर ऐकत आले आहे की जो कमी झोपतो तो कष्टाळू, जो पेंगतो तो आळशी, आणि जो झोपेत मरतो तो भाग्यवान. या तिन्ही समजुतींनी माणसे मारली आहेत. तुमच्या घरात कोणी घोरता घोरता गप्प होत असेल, तर त्या शांततेचे कौतुक करू नका. घड्याळ काढा आणि मोजा. तुमच्या हाताखालचा माणूस कामावर पेंगत असेल, तर त्याला शिक्षा करण्याआधी त्याची रात्र कशी जाते ते विचारा. आणि त्याची बायको काही सांगायला आली, तर हसू नका. ऐका!

आठव्या दिवशी शिफ्ट सुटली तेव्हा कटरवाला काठी टेकीत फाटकाशी आला. गर्दी बाजूला झाली. उजवा हात उचलेना, म्हणून डाव्या हाताने तो फोरमनच्या मानेवरची गाठ सोडवू लागला. बराच वेळ लागला. फोरमन मान वाकवून उभा राहिला; मदतीला कोणी पुढे झाले नाही, आणि कोणी व्हावे असे कटरवाल्यालाही वाटत नव्हते.

गाठ सुटली. त्याने घंटा भंगाराच्या पिंपात टाकली. तिचा आवाज झाला तो शेवटचा.

"हाताचा हिशेब तुमच्याकडून होणार नाही, तो मी मागतही नाही," तो म्हणाला. "पण आठ दिवस होते, आठ झाले. फिटलं."