अंबूबाईची पांढरी कोयरी

“आगं, वकायचं भांडं हाय त्ये! आन त्यातलं कुकू तू आमच्या कपाळाला लावलंस?”

चंद्राबाईचा आवाज वेशीपर्यंत गेला असेल. अंबूबाई काही मागं हटेना. “तुला काय कळतंय त्यातलं? हळदीकुंकवाची कोयरी हाय ती. माझ्या मालकानं आणलीया.”

ज्या भांड्यावरून कुंडल गावात अंबूबाईच्या सोप्यात हे रण पेटलं होतं, ते भांडं म्हणजे मी. पाटावर मधोमध, एका अंगाला हळद आणि एका अंगाला कुंकू घेऊन बसलेली. मला हात असते तर तोंड झाकून घेतलं असतं. चंद्राबाई खरंच बोलत होती.

मी कोयरी नव्हे. मी पत्र्याची, वर पांढरं एनॅमल, काठाला निळी रेघ. आजाऱ्याच्या गालाशी नीट बसावं म्हणून मला एका बाजूनं आत वाकवलं आहे. ते वाकणं नेमकं कोयरीसारखं झालं, त्याला मी काय करू?

पुण्याच्या फौजी दवाखान्यात मी कामाला होते. भूल उतरली की जवान माझ्यात ओकायचे. जखमेतला पू, रक्तानं भिजलेला कापूस, सगळं माझ्याच पोटात. चांगली दांडगी माणसं, पण ओकताना आईला हाक मारायची. तेव्हा मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटायला लागली ती मान मिळाल्यावर.

अंबूबाईचा नवरा नाथाजी, त्याच्या मांडीतली गोळी काढली तीही माझ्यातच टणकन पडली. पुढं काठाचा टवका उडाला आणि मला मोडीत काढायला निघाले. नाथाजीनं मला मागून घेतलं आणि रजेवर येताना ट्रंकेत घातलं. अंबूबाईनं मला हातात घेतलं मात्र, “आगं बया, कोयरी!” म्हणून तिचा चेहरा असा फुलला, की खरं सांगायला उघडलेलं तोंड नाथाजीनं मिटून घेतलं. रजा संपली. तो पुन्हा लढाईवर गेला.

त्यानं एक मच्छरदाणीही आणली होती. ती पापडांवर पसरतात. तिला त्याचं काही वाटत नाही. पण माझं काम पडलं सवाष्णींच्या कपाळाशी! अंबूबाई मला राखेनं लख्ख घाशी, गावच्या बायका माझ्यापुढं वाकत, आणि मी त्या निळ्या काठापर्यंत मेल्यागत होई.

आज संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कस्तुरी आली. शांतिनाथ वाण्याची सून, नुकतीच सांगलीच्या दवाखान्यात बाळंत होऊन आलेली. मला बघून ती हसतच म्हणाली, “आवं वैनी, आसल्यातच तर मी वकले की तितं!” तिच्या मनात काळंबेरं नव्हतं. नवं काही कळलं की माणसाच्या पोटात राहत नाही, एवढंच. पण चंद्राबाईला हसू आलं नाही.

“पुसा गं बायांनो!” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

अंबूबाईचा रंगच उडाला. दिवाळीपासून नाथाजीचं पत्र नव्हतं. “चंद्राक्का, शिव्या दे. त्ये भांडं उकिरड्यावर टाक. पर माझ्या दारात कुकू पुसू नगंस. माझा माणूस लढाईत हाय.”

“मग वकारीचं तसंच मिरवू व्हय?”

“आमचं मालक बी फौजेतच हायती की,” मागून एक पोरगी पुटपुटली. तिचा पदर कपाळाशी जाऊन अडकला होता. ठेवायची किळस, पुसायची भीती. “पुसलं आन लगीच दुसरं लावलं तर?”

“आन त्या मधल्या वक्तात काय झालं म्हंजी?” दुसरीनं तिचा हात धरला.

“माझा तर घरात भाकरी मोडत बसलाय,” चंद्राबाई म्हणाली. “मला कसलं भ्या? मी पुसतीया.”

“पाया पडते, चंद्राक्का!” अंबूबाई खरंच वाकली.

टाका मला उकिरड्यावर, गाढवाच्या पायाखाली घाला, पण त्या बाईच्या दारात हे करू नका, असं मला ओरडावंसं वाटलं. पत्र्याला कुठला आवाज?

तेवढ्यात आतून मनुबाई आली. नाथाजीची चुलती. पोरवयात, तापाच्या साथीत तिचा नवरा गेला. तेव्हापासून कपाळ कोरं. हळदीकुंकवाच्या दिवशी ती चुलीपुढून उठत नसे, आणि तिनं उठावं असं कुणाला वाटतही नसे. बायका अंग चोरून बाजूला झाल्या.

“आत्याबाई, तुमी कशाला आलासा?” अंबूबाई घाबरून म्हणाली.

मनुबाईनं पीठ लागलेल्या दोन्ही हातांनी मला पाटावरून उचललं. कुंकवाकडं ती इतका वेळ बघत राहिली, की चंद्राबाईचा पदर धरलेला हात हळूहळू खाली आला. मग मला त्या सगळ्यांपुढं धरून ती म्हणाली,

“पोरींनो, मला लावा ह्यातलं, मी न्हाई पुसायची.”