एळु म्हणजे सात

मी नागोजीच्या घरची दगडी पाटी बोलतेय. शुद्धलेखनाची आणि साध्यासुध्या शब्दांची आधीच माफी मागते. ज्याच्या हाताखाली मी शिकले, त्याची शाळा सहावीतच सुटली. शिवाय आमच्या म्हैसुरात घरची भाषा मराठी आणि अक्षरं कन्नड. माझ्यावर मराठी बोलणं उतरलं ते कन्नड लिपीत. त्यामुळे कानामात्रा थोड्या इकडे तिकडे व्हायच्याच.

डोंगरातून मला कुणी काढलं ते आठवत नाही. आठवते ती लाकडी चौकट ठोकणाऱ्या सुताराची हातोडी. त्यानंतर देवराज मार्केटातलं एक दुकान, आणि मला छातीशी धरून नजरबादच्या घरापर्यंत चालत आलेला पाच वर्षांचा नागोजी. चौथीपर्यंत मी त्याच्या दप्तरात होते. मग वही आली आणि मी मागे पडले. वहीचाही फार दिवस तोरा चालला नाही. नागोजीचे वडील वारले, शाळा सुटली, आणि पुढे तो सूतगिरणीत लागला. त्याची आई सरस्वतीबाई मला ताकाच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवू लागली. बारा वर्षं मी ताकाचा वास घेत काढली.

मला तिथून उचललं ते इंदिरानं. हुणसूरची मुलगी, तिथल्याच बालवाडीत बाई, लग्न होऊन आमच्या घरी आली. तिची हुणसूरची बस सहाची. चार वाजता परत येई, रात्री नऊला तिचे डोळे मिटत. नागोजीची दुसरी पाळी, तीन ते अकरा. तो घरी यायचा तेव्हा ती झोपलेली, ती निघायची तेव्हा तो. तिला सुट्टी रविवारी, त्याला बुधवारी. आणि सरस्वतीबाईंचा जुना नियम, राबून झोपलेल्या माणसाला हाक मारायची नाही. तो नियम दोघांनाही लागू.

म्हणून तिनं मला धुतलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलं. बळप दोरीनं बांधला. पाटीवरच्या पेन्सिलीला आमच्याकडे बळपच म्हणतात. "जे सांगायचं ते इथं लिहायचं," असं तिनं सासूला सांगितलं. सासूला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "लिहा बाई. मी मधे पडत नाही."

पहिल्या आठवड्यात नागोजीनं मोठ्या धीरानं लिहिलं, 'बात चांगला होता.' भाताचा भ त्याला कधी साधलाच नाही. इंदिरानं सवयीनं, वर्गातल्या पोरांचं करते तसं, त्या 'बा'भोवती गोल काढला. तिच्या मनात काही नव्हतं. पण तो गोल नागोजीनं पाहिला तेव्हा त्याचे कान तापलेले मी पाहिले. त्या दिवसापासून तो नुसतं 'हूं' लिहू लागला. तेल संपलं, हूं. रविवारी मावशी येणार, हूं.

एक दिवस हुणसूरहून इंदिराचे वडील फत्तेसिंगराव आले. नागोजी कामावर गेलेला. कॉफी घेता घेता ते लेकीला म्हणाले, "आपल्या घरी जागा नाही, पण शाळेजवळ खोली मिळतेय. हेडबाई विचारतायत. शनिवारी तेवढं इथं ये. नवरा झोपायला घरी येतो, तू झोपून उठून जातीस. इथं कुणासाठी राहतीस गं?"

इंदिरानं कपबशा गोळा केल्या. सरस्वतीबाईंनी त्या तिच्या हातातून घेऊन आत नेल्या.

त्या संध्याकाळी इंदिरानं सगळं माझ्यावर लिहिलं. खोली मिळतेय, परवा हेडबाईंना सांगायचंय, तुम्हाला काय वाटतं. मग बळप तसाच धरून ती उभी राहिली आणि खाली एकच शब्द लिहिला. 'एळु.'

आता कन्नडात एळु म्हणजे ऊठ, आणि एळु म्हणजे सातसुद्धा. तिनं लिहिलं होतं, ऊठ. नियम मोडून हाक मारवत नव्हती, म्हणून लिहून हाक मारली. रात्री नागोजीनं ते वाचलं आणि झोपला. सकाळी निघायच्या आधी ती साडेपाचला माझ्याजवळ स्टूल घेऊन बसली. आत नागोजी घोरत होता. सहाला दहा मिनिटं असताना तिनं चपला घातल्या.

सात वाजता नागोजी माझ्यासमोर हजर. तोंड धुतलेलं, केस ओले, धुतलेला शर्ट घातलेला. इकडे तिकडे पाहून त्यानं विचारलं, "आई, इंदिरा कुठाय?"

"रोज जाते तिथं. तू असा नटून कुठं निघालास?"

"आज सुट्टी काढली असेल म्हटलं. तिनंच बोलावलं. सात वाजता."

"कुणी सांगितलं?"

"हे काय. एळु लिहिलंय."

सरस्वतीबाईंनी नुसतं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अय्यो, मंकू आहेस कणो, अगदी मठ्ठ. एळु म्हटली तर उठायचं होतंस. किती वेळ बसली होती ती. डोळे पुशीत गेली."

नागोजी माझ्यासमोर मटकन बसला. मग त्यानं मला खिळ्यावरून उतरवून मांडीवर घेतलं. लहानपणी घ्यायचा तसंच, जीभ दातात धरून. तासभर लिहीत होता. दोन्ही बाजू भरल्या.

'इंदिरा, मी एळु म्हनजे सात समजलो. सातला उटून तोंड दुवून बसलो. तू गेलतीस. तू तिकडं राहू नको. तू जोपलेली असलीस तरी गरात असतीस. मी आलो की आदी तुजं पांगरून नीट करतो, मग जेवतो. तुला टाऊक नाही. उद्या पाचला उटतो.'

चार वाजता तिनं ते वाचलं. एकदा उभ्यानं, एकदा बसून. चुका मोजायला बसली असती तर बळप झिजला असता. सासूनं विचारलं, "काय लिहिलंय एवढं?"

"बोलतो की हा," इंदिरा म्हणाली.

याला आता बरीच वर्षं झाली. माझा एक कोपरा फुटलाय, चौकट खिळखिळी झालीय, पण मी अजून खिळ्यावर आहे. घरात कुणी सकाळचं, कुणी रात्रीचं, असं चालायचंच. पोट तसं चालवतं. माझं एवढंच मागणं आहे, की ज्याची गाठ पडत नाही त्याच्यासाठी चार ओळी लिहून ठेवा. चुकीच्या असल्या तरी चालतील.

आणि त्या दुसऱ्या सकाळचं सांगून थांबते. नागोजी खरंच पाचला उठला. दोघं बरोबर निघाली. पुढचं संध्याकाळी इंदिरा सासूला सांगत होती ते मी ऐकलं. स्टँडवर सोडायला म्हणून आला आणि बसमध्येच चढला. दोन तिकिटं काढली, तिच्याशेजारी बसला, बोलायला तोंड उघडलं, आणि बस गावाबाहेर पडायच्या आत तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. हुणसूरपर्यंत उठला नाही.

"मग खोलीचं काय ठरलं?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

"नको म्हणून सांगितलं त्यानंच, हेडबाईंना," इंदिरा म्हणाली. "जांभई देत देत."